जपमाळ हाती घेताना: रोझरी नव्याने शिकणाऱ्यांसाठी

बाप्तिस्म्याची तयारी करणारे प्रौढ, लग्न करून कॅथलिक घरात आलेल्या सुना आणि जावई, लहानपणी आजीशेजारी बसून रोझरी म्हटलेली पण पुढे कॉलेज-नोकरीच्या धबडग्यात सुटली अशी मंडळी, हे सगळे फिरून एकच विचारतात: सुरुवात कुठून करायची? बहुतेक वेळा त्यांच्या हातात एक छापील पत्रक ठेवलं जातं आणि देणारा मोकळा होतो. पत्रकात प्रार्थना असतात, क्रम असतो. तीच ओळ पन्नास वेळा म्हणताना मनाने काय करायचं, ते मात्र त्यात नसतं. इथे क्रमही सांगतो, पण जास्त जागा त्या दुसऱ्या गोष्टीला देतो, कारण लोक अडतात ते तिथेच.

रोझरी म्हणजे येशूची आई मारिया हिला हाक देत, माळेच्या मण्यांवर मोजून म्हणायची प्रार्थना. वसईत कुणी तिला जपमाळ म्हणेल, कुणी रोझरी. गोव्यात तेर्स म्हणतील. प्रार्थना एकच.

आधी तिची जागा ओळखा

रोझरी सक्तीची नाही. रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाणं हे कॅथलिकाचं कर्तव्य आहे. रोज रोझरी म्हणणं ही भक्ती आहे, चर्चने शतकानुशतकं आग्रहाने सुचवलेली, पण भक्तीच. हे मनात पक्कं असलं की सासूबाई काय म्हणतील या धास्तीने जपमाळ उचलायची वेळ येत नाही. आणि मिस्सा चालू असताना मागच्या बाकावर बसून मणी ओढत राहण्याचा मोहही होत नाही. वेदीवर जे चाललंय ते रोझरीपेक्षा मोठं आहे. रोझरी मिस्साच्या आधी म्हणा, नंतर म्हणा.

दुसरा प्रश्न बहुधा बिगर-कॅथलिक मित्रांकडून येतो: तुम्ही मारियेची पूजा करता का? नाही. प्रार्थनेचे शब्द नीट ऐकले तर उत्तर त्यांतच आहे. तिच्याकडे आपण मागतो ते एवढंच की, 'आम्हा पाप्यांसाठी विनंती कर.' आराधना फक्त देवाची. मारियेशेजारी बसून तिच्या मुलाच्या आयुष्याकडे पाहायचं, हा रोझरीचा गाभा.

माळ कशी असते

पाच दशकांच्या नेहमीच्या माळेत ५९ मणी असतात. ५३ लहान, ६ मोठे. खाली लोंबणाऱ्या भागात क्रूस, त्यावर एक मोठा मणी, मग तीन लहान, मग पुन्हा एक मोठा. तिथून एक पदक लागतं आणि पुढे गोल माळ सुरू होते: दहा लहान मण्यांचे पाच गट, दोन गटांमध्ये एकेक मोठा मणी. दहा मण्यांच्या गटाला दशक म्हणतात. नवशिके पदकापाशी हमखास थबकतात. जाताना तिथे काही म्हणायचं नसतं; सरळ पहिल्या दशकावर जायचं. पाचही दशकं फिरून तुम्ही पुन्हा त्याच पदकापाशी येता, तेव्हा त्याचं काम.

माळ कसलीही चालते. लाकडी, काचेच्या मण्यांची, अंधारात चमकणारी प्लॅस्टिकची. वांद्र्याच्या जत्रेत माउंट मेरीच्या पायऱ्यांजवळ आणि जुन्या गोव्यातल्या दुकानांत ढिगाने मिळतात. चर्चच्या ऑफिसातही बहुधा असतात. माझं मत विचाराल तर दोरीत ओवलेली लाकडी माळ घ्या. तारेची नाजूक साखळी खिशातल्या किल्ल्यांत अडकून महिन्याभरात तुटते. प्रवासात दहा मण्यांची अंगठीही चालते. माळ नसेल तर दहा बोटं आहेतच. घेतलेली माळ धर्मगुरूंकडून आशीर्वादित करून घ्या. ती पुढे दुरुस्त होण्यापलीकडे तुटली तर कचऱ्यात टाकू नये. जमिनीत पुरावी किंवा जाळावी.

गळ्यात घालावी का, यावर घराघरांत वाद आहेत. दागिना म्हणून मिरवू नये हे खरं. पण गोव्याच्याच एका संताने ती गळ्यात घातली होती आणि त्यामागे कारण होतं. १६५१ साली बाणावलीत जन्मलेले जोसेफ वाझ १६८७ मध्ये सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत पोचले. तिथला किनारा डचांच्या ताब्यात होता, कॅथलिक धर्मगुरूंना मज्जाव होता आणि कॅथलिक लोक लपून राहत होते. वाझ भिकाऱ्याच्या वेषात, गळ्यात जपमाळ घालून जाफन्यात दारोदार फिरत. ती माळ पाहून ज्यांचा चेहरा बदलला, ती आपली माणसं, असा त्यांचा हिशोब. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं. गाडीच्या आरशाला माळ टांगणाऱ्यांनी ही गोष्ट ऐकावी आणि मग टांगायची की म्हणायची ते ठरवावं.

क्रम

प्रार्थनांचे शब्द प्रार्थनापुस्तकागणिक थोडे बदलतात. तुमच्या धर्मग्रामात, म्हणजे तुमच्या चर्चच्या हद्दीत, जे म्हणतात तेच शिका, नाहीतर चारचौघांत म्हणताना अडखळाल. खाली दिलेले शब्द ओळखीपुरते.

क्रूस हातात धरून स्वतःवर क्रुसाची खूण करा: 'पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. आमेन.' क्रूस धरूनच प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणा. हा सगळ्यांत लांब. पाठ होईपर्यंत पुस्तक उघडं ठेवायला हरकत नाही.

पहिल्या मोठ्या मण्यावर प्रभूची प्रार्थना: 'हे आमच्या स्वर्गातील बापा…'

पुढच्या तीन लहान मण्यांवर तीन नमो मारिया (शब्द खाली आहेत). श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन गुण वाढावेत म्हणून ते म्हणायचे असतात. त्यानंतर गौरव: 'पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला गौरव असो. जसे प्रारंभी होते, तसे आता आहे आणि सदासर्वकाळ राहील. आमेन.'

आता खरी रोझरी सुरू होते. दुसऱ्या मोठ्या मण्यावर त्या दिवसाच्या पहिल्या रहस्याचं (रहस्य म्हणजे काय ते पुढे येईल) नाव घ्या, क्षणभर थांबा आणि 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणा. मग पदक ओलांडून दहा लहान मण्यांवर दहा वेळा:

'नमो मारिया, कृपापूर्णे, प्रभू तुझ्याबरोबर आहे. स्त्रियांमध्ये तू धन्य आणि तुझ्या उदराचे फळ येशू धन्य. पवित्र मारिये, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर. आमेन.'

दहा झाले की गौरव. बहुतेक ठिकाणी त्यापाठोपाठ फातिमाची छोटी प्रार्थना म्हणतात: 'हे माझ्या येशू, आमच्या पापांची क्षमा कर, नरकाच्या अग्नीपासून आमचे रक्षण कर…' पोर्तुगालमधल्या फातिमा गावी १९१७ साली तीन गुराखी मुलांना मारियेचं दर्शन झालं, तेव्हापासूनची ही भर. त्या दर्शनांत रोज रोझरी म्हणा हा आग्रह पुन्हा पुन्हा आला होता.

पुढच्या मोठ्या मण्यावर दुसरं रहस्य, आणि असं पाच वेळा. शेवटी पदकापाशी आलात की 'नमो राणी, दयेच्या माते' ही प्रार्थना, समारोपाची विनंती आणि पुन्हा क्रुसाची खूण. घाई न करता पंधरा-वीस मिनिटं लागतात. शेजारच्या आजी आठ मिनिटांत उरकतात, त्यांच्याशी शर्यत लावू नका.

रहस्यं: कोणत्या दिवशी कोणती

रहस्य म्हणजे येशूच्या किंवा मारियेच्या आयुष्यातला एक प्रसंग, ज्यात देवाने स्वतःला दाखवलं.

सोमवारी आणि शनिवारी आनंदाची: गाब्रिएल दूताने मारियेला दिलेला संदेश, मारियेने एलिझाबेथला दिलेली भेट, येशूचा जन्म, मंदिरातलं समर्पण, आणि हरवलेला बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडणं.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची: गेथशेमाने बागेतली वेदना, फटक्यांचा मार, काट्यांचा मुकुट, क्रूस वाहणं, क्रुसावरचं मरण.

बुधवारी आणि रविवारी गौरवाची: पुनरुत्थान, स्वर्गारोहण, पवित्र आत्म्याचं आगमन, मारियेला देहासह स्वर्गात घेतलं जाणं, आणि स्वर्गाची राणी म्हणून तिचा मुकुटाभिषेक.

गुरुवारी प्रकाशाची: यार्देन नदीतला येशूचा बाप्तिस्मा, काना गावचं लग्न, देवराज्याची घोषणा, डोंगरावरचं रूपांतर, आणि शेवटच्या भोजनाच्या वेळी ख्रिस्तशरीर संस्काराची स्थापना.

प्रकाशाची रहस्यं नवी. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १६ ऑक्टोबर २००२ रोजी रोझरीवरचं पत्र काढलं आणि त्यात ही पाच सुचवली. आनंदाच्या रहस्यांत येशू बारा वर्षांचा होतो आणि दुःखाच्या पहिल्या रहस्यात एकदम तेहतिशीच्या घरात, मरणाच्या आदल्या रात्री. मधली शिकवण, चमत्कार, माणसांच्या भेटी कुठेच नव्हत्या. ती पोकळी यांनी भरली. घरातल्या वयस्कर माणसांना गुरुवारीही आनंदाची रहस्यं म्हणायची जुनी सवय असेल, तर त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका. नवी रहस्यं पोपनी सुचवली होती, लादली नव्हती.

पूर्वी तीनच संच होते: पंधरा रहस्यं, दीडशे नमो मारिया. दीडशे हा आकडा बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांवरून आला. मठवासी ती स्तोत्रं म्हणत. ज्यांना वाचता येत नव्हतं ती साधी माणसं त्याऐवजी तेवढ्याच लहान प्रार्थना मण्यांवर मोजत. डॉमिनिकन संघाचे संस्थापक संत डॉमिनिक यांना मारियेने रोझरी दिली अशी परंपरा आहे. आजचा तिचा साचा मात्र हळूहळू, कित्येक पिढ्यांत घडला. नमो मारियाचंही तसंच. पहिला अर्धा भाग लूकच्या शुभवर्तमानातून सरळ उचललेला आहे, दुसरा भाग नंतर जुळला आणि १५६८ च्या रोमन प्रार्थनापुस्तकात त्याला आजचं रूप मिळालं.

मनाने करायचं काय

पोप सहावे पॉल यांनी १९७४ मध्ये लिहिलं की चिंतनावाचून रोझरी म्हणजे आत्मा नसलेलं शरीर; ती नुसती सूत्रांची घोकंपट्टी होऊन बसते. नव्याने सुरुवात करणाऱ्याला हे वाक्य घाबरवतं. तोंडाने प्रार्थना, बोटांनी मोजणी आणि डोक्यात चिंतन, हे एकाच वेळी कसं जमणार?

जमतं, कारण नमो मारियाच्या प्रत्येक शब्दावर लक्ष द्यायचं नसतंच. शब्द तबल्याच्या ठेक्यासारखे मागे चालू राहतात आणि मन प्रसंगात फिरतं. हे सांगून पटत नाही, करून पाहावं लागतं. त्यासाठी एक रहस्य घेऊन सविस्तर पाहू.

आनंदाचं दुसरं रहस्य, एलिझाबेथची भेट. रोझरीच्या आधी लूकच्या पहिल्या अध्यायातल्या ३९ ते ५६ या ओवी वाचून काढा. दोन मिनिटांचं काम. मारियेला नुकताच दूताचा निरोप मिळालाय. ती नासरेथची तरुण मुलगी, वाङ्निश्चय झालेली, आणि आता जे सांगायचं ते कुणाला सांगावं असा प्रश्न. ती घाईने यहूदियाच्या डोंगराळ भागात नातेवाइकाच्या घरी जाते. एलिझाबेथ म्हातारी, लोकांनी वांझ म्हणून हिणवलेली, सहा महिन्यांची गरोदर. तिचा नवरा जखऱ्या मुका झालेला. मारियेचा आवाज ऐकताच एलिझाबेथच्या पोटातलं मूल उसळतं आणि ती मोठ्याने म्हणते, 'स्त्रियांमध्ये तू धन्य आणि तुझ्या उदराचे फळ धन्य.'

तुमच्या ओठांवर या क्षणी तेच शब्द आहेत. हे दशक म्हणताना तुम्ही दाराशी उभ्या असलेल्या एलिझाबेथच्या जागी असता. पहिल्या रहस्यात तसंच: 'कृपापूर्णे, प्रभू तुझ्याबरोबर आहे' हे गाब्रिएलचे शब्द. प्रार्थना आणि प्रसंग इतके जवळ आलेली ही दोन दशकं आहेत, म्हणून चिंतनाचा सराव यांच्यापासूनच सुरू करावा असं मी सांगतो.

मग दहा मण्यांत काय काय पाहता येईल? वाटेवरचा तिचा दमलेला चेहरा. घरात पाऊल टाकताना तिने चपला कुठे काढल्या असतील. एक म्हातारी आणि एक कोवळी पोर, दोघींच्या पोटात अशी मुलं जी पुढे यार्देनच्या काठी भेटणार आहेत. सुमारे तीन महिने मारिया तिथे राहिली, म्हणजे पाणी भरलं असेल, दळलं असेल. सगळं एका दिवशी पाहायचं नाही. एक चित्र पुरे. एखाद्या दिवशी मन जखऱ्यापाशी अडकेल, बोलू न शकणाऱ्या त्या बापापाशी. अडकू द्या.

प्रसंग डोळ्यांपुढे येतच नसेल, तर दुसऱ्या वाटा आहेत. प्रत्येक दशक कुणासाठी तरी म्हणायचं: पहिलं आजारी काकांसाठी, दुसरं नोकरी शोधणाऱ्या भावासाठी, तिसरं ज्याच्याशी अबोला आहे त्याच्यासाठी (हे जड जातं, म्हणूनच म्हणायचं). किंवा 'येशू' या नावानंतर रहस्याचे दोन-तीन शब्द जोडायचे: '…तुझ्या उदराचे फळ येशू, ज्याने आमच्यासाठी क्रूस वाहिला, तो धन्य.' काही देशांत ही पद्धत जुनी आहे आणि दुसऱ्या जॉन पॉलनी आपल्या पत्रात तिचं कौतुक केलंय. एकट्याने म्हणताना फार उपयोगी पडते.

गौरवाची शेवटची दोन रहस्यं नवख्यांना कोरडी वाटतात, कारण शुभवर्तमानात त्यांचं वर्णन सापडत नाही. मारियेचं सदेह स्वर्गात जाणं ही चर्चची प्राचीन श्रद्धा. पोप बारावे पायस यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी ती विधिपूर्वक जाहीर केली आणि तिचा सण १५ ऑगस्टला येतो. या दशकांत आपल्या मेलेल्या माणसांची आठवण करावी. देहासकट माणूस देवाला हवा आहे, हे त्या रहस्याचं म्हणणं, आणि स्मशानातून नुकत्याच परतलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

आणि मन भटकणार. ते भटकतंच. लिझ्यूची संत तेरेजा, मठात राहणारी, चर्चने पुढे धर्मपंडित ठरवलेली, तिने लिहून ठेवलंय की एकटीने रोझरी म्हणणं तिला देहदंडाचं साधन अंगावर बाळगण्याहून कठीण जाई. कितीही प्रयत्न केला तरी रहस्यांवर मन ठरत नसे. तिचं हे झालं, तर आपण गॅस बंद केला की नाही यावर दशक घालवलं म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही. लक्षात आलं की पुढच्या मण्यावर परत या. मागचे मणी पुन्हा म्हणत बसू नका. तो हिशोब देव ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका.

दिवसात कुठे बसवायची

पहिले काही आठवडे रोज एकच दशक म्हणा. पूर्ण पाच दशकांचा निश्चय करून चौथ्या दिवशी सोडून देणारे मी पुष्कळ पाहिलेत. एका दशकावर टिकून राहिलेले आपोआप दुसऱ्यावर गेले. ठरावीक वेळ असलेली बरी, आणि ती रोजच्या एखाद्या कामाला बांधलेली: सकाळचा चहा, संध्याकाळची फेरी, झोपायच्या आधी दिवा मालवताना. अंथरुणात पडून म्हणाल तर तिसऱ्या दशकात झोप लागेल. तेही वाईट नाही, पण रोजचीच प्रार्थना तशी होऊ नये.

पाच दशकं दिवसभरात वाटून म्हणता येतात. विरार लोकलमध्ये दोन, जेवणाच्या सुट्टीत एक, परतताना दोन. लोकलमध्ये माळ बाहेर काढायला संकोच वाटत असेल तर खिशात हात घालून अंगठीवर मोजा. गाडी किंवा स्कूटर चालवताना माळ हातात नको; म्हणायचीच तर तोंडाने म्हणा, मोजणी चुकली तर चुकली. फोनवर रोझरी लावून तिच्यामागून म्हणणं सुरुवातीला सोपं पडतं, उच्चार आणि क्रम बसतो. पण यंत्राचा वेग तुमचा वेग ठरवू लागला की ते बंद करा.

चर्चमध्ये, कुटुंबात किंवा भक्तमंडळात पाच दशकं सलग, चिंतनासह म्हटली तर नेहमीच्या अटींवर पूर्ण पापदंडक्षमा (माफ झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेतून सुटका) मिळते: पापनिवेदन, ख्रिस्तशरीराचा स्वीकार, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ मनातून सोडलेली असणं. यातलं काही कळलं नाही तर धर्मगुरूंना विचारा; पहिल्या महिन्यात याची चिंता करायची गरज नाही.

चौघांत म्हणताना

एकट्याची रोझरी आणि घराची रोझरी यांचा पोत वेगळा. घरात एकजण चालवतो: नमो मारियाचा पहिला भाग तो म्हणतो, 'पवित्र मारिये' पासून बाकीचे. दशकं वाटून घेतात. मुलांना पहिलं दशक द्यावं, शेवटचं नको. शेवटपर्यंत त्यांचा धीर टिकत नाही. सून नवीन असेल तर पहिल्याच संध्याकाळी तिच्यावर दशक ढकलू नये. आधी आठवडाभर उत्तर देऊ द्या. आणि घरात तीन भाषा असतील तर तिन्हींत चालू द्या: आजीचं दशक कोकणीत, बाबांचं मराठीत, मुलीचं इंग्रजीत. रोझरी त्याने बिघडत नाही. ज्याला पाठ नाही त्याच्या हातात कागद असावा, एवढं चालवणाऱ्याने पाहावं.

मे महिना मारियेचा आणि ऑक्टोबर रोझरीचा. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपांतोच्या आरमारी लढाईत ख्रिस्ती राज्यांच्या तांड्याने उस्मानी आरमाराचा पराभव केला. पोप पाचव्या पायस यांनी त्याआधी सगळ्यांना रोझरी म्हणायला सांगितलं होतं, आणि त्या दिवसाची आठवण म्हणून ७ ऑक्टोबरला रोझरी मातेचा सण आला. पुढे १८८३ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी सबंध महिनाच रोझरीला दिला. जुन्या गोव्यात मोंते सांतो टेकडीवर, मुंबईत माझगावला, गोव्यातल्याच सासष्टीत नावेलीला रोझरी मातेची चर्चेस आहेत. त्यांच्या सणाला एकदा जाऊन या.

ऑक्टोबरात वाड्यांमधून आणि सोसायट्यांमधून मारियेची मूर्ती घरोघर जाते. तुमच्या घरी पाळी आली तर घाबरू नका. एक स्वच्छ टेबल, पांढरं कापड, मेणबत्ती, दारची फुलं. खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणता येतात. दशकं कोण म्हणणार हे आधीच ठरवून ठेवा, म्हणजे ऐनवेळी 'तुम्ही म्हणा, तुम्ही म्हणा' होत नाही. नंतरचा खाऊ साधा असावा. एका घराने बिर्याणी केली की पुढच्या घराची पंचाईत होते आणि ज्याची ऐपत नाही तो मूर्ती नको म्हणू लागतो. शेजारची हिंदू-मुस्लिम मंडळी आली तर त्यांना बसायला जागा द्या, काही म्हणायचा आग्रह करू नका. माउंट मेरीला मेणबत्ती लावणाऱ्यांत ती पुष्कळ असतात; मारिया त्यांना परकी नाही.

ज्या घरात मृत्यू झालाय तिथे जाल तेव्हा रोझरी म्हणावी लागेल, हे नवख्याने गृहीत धरावं. मृताच्या हातात बोटांभोवती माळ गुंफलेली असते आणि लोक येतील तसे बसून म्हणत राहतात. सांत्वनाला शब्द सुचत नाहीत तेव्हा दुसऱ्यांच्या आवाजात आवाज मिसळणं हे मोठं आधाराचं काम आहे. उत्तराचा भाग येत असला तरी पुरतं. 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी' हे शब्द त्या खोलीत वेगळे ऐकू येतात.

कशापासून दूर राहायचं

'ही रोझरी दहा जणांना पाठवा, नाहीतर अरिष्ट येईल' असे निरोप फोनवर येतात. पुसून टाका. माळ म्हणजे ताईत नव्हे, आणि अमुक इतक्या वेळा म्हटली की अमुक मिळतंच, असा सौदाही नव्हे. नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, करावी, मागणं मागावं, त्यात काही गैर नाही. पण हवं ते मिळालं नाही म्हणून माळ कपाटात टाकणारे आणि मिळालं म्हणून कपाटात टाकणारे, दोघेही मी पाहिलेत.

एखादा दिवस, एखादा आठवडा सुटला तर थकबाकी भरू नका. आज जो वार असेल त्याची रहस्यं घेऊन सुरू करा.

लोरेतोची लितनी सगळ्यांत शेवटी शिका. रोझरीनंतर मारियेला एकेका नावाने हाक मारत म्हणायची ही प्रार्थनामाला १५८७ साली पोप पाचव्या सिक्स्तुस यांनी मान्य केली आणि तिच्यात आजही भर पडते. २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तीन नावं जोडली, त्यांत 'स्थलांतरितांचे सांत्वन' हे एक आहे. आखातात आणि जहाजांवर माणसं असलेल्या घरांनी जुन्या छापाच्या पुस्तकात ते हाताने लिहून घ्यावं.